वीस अंशांवरचं आकाश

लहान मुलाला आकाश कोण दाखवतं? शाळेचं विचाराल, तर बालभारतीच्या पाचवीच्या ‘परिसर अभ्यास’मध्ये पहिलाच धडा पृथ्वीचा आणि सूर्यमालेचा आहे. पण मूल काही पाचवीत जाईपर्यंत थांबत नाही. आईच्या कडेवर असतानाच ते चंद्राकडं बोट करतं आणि बोलायला लागलं की विचारतं, तो आपल्या रिक्षाबरोबर का पळतो. तिथपासून पाचवीपर्यंत त्याच्या हातात जी चित्रांची पुस्तकं पडतात, तेच त्याचं पहिलं खगोलशास्त्र. ही पुस्तकं कशी असावीत, आणि मुळात असावीत का, यावरून माझा आणि माझ्या मामांचा वाद जुना आहे.

मी छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरात राहते. पहिली-दुसरीला शिकवते आणि शनिवारी संध्याकाळी गल्लीतल्या मुलांना गच्चीवर जमवून पुस्तकं वाचून दाखवते. मामा कन्नड तालुक्यातले शेतकरी. अद्रक, मका, थोडा गहू. थ्री फेज लाईट बऱ्याचदा रात्रीचीच मिळते, त्यामुळे पिकाला पाणी द्यायला त्यांचं अर्धं आयुष्य रात्री शेतात गेलं. जाधववाडीच्या बाजार समितीत काम निघालं की ते आमच्याकडं मुक्कामाला येतात. फाल्गुनातल्या अशाच एका मुक्कामात, मुलं घरी गेल्यावर, गच्चीवर आमचं जे बोलणं झालं ते इथं देते आहे. मध्येमध्ये मला जे सांगावंसं वाटलं तेही लिहिलं आहे.

मामा : ताई, एक सांग मला. आकाश वर आहे. मग लेकरं खाली माना घालून त्या पुस्तकात काय धुंडाळतात?

मी : मामा, तुम्हीच वर बघा. काय दिसतंय?

मामा : दिसतंय की. मृग आहे, खाली व्याध आहे, मावळतीला तिजेचा चंद्र आहे. बाकी तुमच्या दिव्यांनी सगळं पांढरं करून टाकलंय.

मी : तुम्हाला मृग दिसला, कारण तो तुमच्या ओळखीचा आहे. शेतातल्या अंधारात तुमच्या डोक्यावर एका वेळी दोन-अडीच हजार तारे असतात. इथल्या मुलाला दिसतात चार-दोन ठिपके, तेही पाण्याच्या टाक्यांच्या मधून. त्या ठिपक्यांना नाव नाही, गोष्ट नाही. ते मूल मान वर करील तरी कशाला? पुस्तक त्याला वर बघायला कारण देतं.

मामा : कारण देतं का वर बघायचं राहूनच जातं? मघाशी ती दुसरीतली पोरगी आठही ग्रहांची नावं ओळीनं म्हणाली. मी म्हटलं, शाब्बास. मग विचारलं, यातला एखादा तू पाहिलास का? म्हणाली, हो, पुस्तकात. डोळ्यांनी न बघता जे वाचलं ते पाठांतर, माय. पाढ्यासारखं.

इथं मामांचं म्हणणं मला सहज झटकता येत नाही. ग्रहांची नावं म्हणणारी मुलं प्रत्येक वर्गात भेटतात. पहाटेचा शुक्र ओळखणारं मूल क्वचित भेटतं. आणि हे पुंडलिकनगरात व्हावं याचं मला विशेष वाईट वाटतं, कारण आमच्याकडं नळाला पाणी काही दिवसांच्या खंडानं येतं आणि पुष्कळदा अवेळी येतं. पहाटे चारला मोटार लावायला अख्खं घर उठतं, मुलंही जागी होतात. पूर्वेला शुक्र असेल तर तो त्या वेळी दिव्यांच्या उजेडातूनही लखलखत असतो. त्याला झाकण्याची ताकद कुठल्याच पथदिव्यात नाही. फक्त कुणी तरी म्हणायला हवं, बघ, परवा वाचलेला तो हाच.

मी : पण मामा, यात दोष वाचनाचा नाही. वाचून झाल्यावर पुस्तक मिटलं आणि दारही लावून घेतलं, हा दोष आहे.

मामा : बरं, पुस्तक उघडू. आण ते मघाचं. हे बघ, हा चंद्र. उभी कोर काढलीय, इंग्रजी सी उलटा लिहावा तशी. आता मावळतीला बघ. तो चंद्र कसा आहे?

मी : आडवा. होडीसारखा.

मामा : मग लेकरानं कुणाचं खरं मानायचं?

मामांनी नेमकं वर्मावर बोट ठेवलं. बाजारात मिळणारी आकाशाची बहुतेक रंगीत पुस्तकं इंग्लंड-अमेरिकेत तयार झालेली असतात, नाहीतर त्यांच्यावरून केलेली. तिथला चित्रकार त्याच्या खिडकीतून दिसणारा चंद्र काढतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. चंद्र आकाशात ज्या वाटेनं जातो ती वाट उत्तरेकडच्या देशांत क्षितिजाला तिरकी असते, म्हणून तिथली कोर बरीचशी उभी दिसते. आपलं शहर विषुववृत्तापासून उत्तरेला जेमतेम 20 अंशांवर आहे. इथं माघ-फाल्गुनात ती वाट संध्याकाळी पश्चिम क्षितिजातून जवळजवळ सरळ वर चढते. सूर्य कोरीच्या बरोबर खाली मावळलेला असतो. उजेड खालून पडतो, म्हणून कोरीची दोन्ही टोकं वर. पावसाळ्यानंतर हीच कोर कलती होते. म्हणजे वर्षभरात कोरीचा कल बदलतो आणि कुठल्याही मुलाला तो गच्चीवरून टिपता येतो. इतकी सोपी, बिनखर्चाची गोष्ट माझ्या पाहण्यातल्या एकाही बालपुस्तकात नाही.

आणखी एक. चित्रांच्या पुस्तकांत चंद्र नेहमी काळ्या आकाशात असतो, सूर्य नेहमी निळ्या. म्हणून मुलांची पक्की समजूत होते की चंद्र रात्री कामावर येतो आणि सकाळी जातो. वद्य अष्टमीच्या आसपास सकाळी शाळेत जाताना अर्धा चंद्र पश्चिमेकडं ढळलेला स्वच्छ दिसतो. व्हॅनमध्ये बसलेल्या मुलांना मी तो दाखवते, तेव्हा काही जण चक्क म्हणतात की तो चंद्र नाही. चित्राचा पगडा डोळ्यावर इतका असतो.

मामा : बघ, तूच कबूल केलंस. पुस्तकानं डोळे बिघडवले.

मी : मी दुसऱ्या देशाच्या पुस्तकाबद्दल बोलले. इथलं पुस्तक अजून कुणी लिहिलंच नाही, ही माझी तक्रार आहे. तुमचं म्हणणं असं की वाचूच नये. माझं म्हणणं असं की आपलं वाचावं.

मामा : आपलं म्हणजे? आकाश कुणाच्या मालकीचं असतं का?

मी : दिसण्यापुरतं असतं. ध्रुव कुठे आहे, दाखवा बरं.

मामा : इथून? तो समोरच्या बिल्डिंगमागं गेला. आमच्या शेतातून दिसतो, बांधावरच्या लिंबाच्या शेंड्याला.

मी : म्हणजे किती वर?

मामांनी हात लांब केला, मूठ वळली, तिच्यावर दुसरी ठेवली. दोन मुठी. लांब धरलेली मूठ साधारण दहा अंश झाकते, दोन मुठींचे झाले वीस. ज्या गावाचा अक्षांश जितका, तितक्याच उंचीवर तिथला ध्रुव. कन्नडला वीस अंशांहून किंचित वर, पुंडलिकनगरात किंचित खाली. लंडनच्या मुलाला तो एक्कावन्न अंशांवर, म्हणजे अर्ध्या आकाशाच्याही वर दिसतो. त्या मुलासाठी लिहिलेलं पुस्तक सांगतं की वर बघ, ध्रुव सापडेल. आमच्या चार मजली गल्लीतलं मूल वर बघतं, त्याला काही सापडत नाही, आणि ते समजतं की आपल्यालाच जमत नाही. वर हीच पुस्तकं ध्रुव सर्वांत तेजस्वी तारा असल्यासारखा रंगवतात. प्रत्यक्षात तो मध्यम प्रतीचा आहे. त्याच्याहून ठळक तारे आकाशात चाळीसच्या वर निघतील.

सप्तर्षींचंही तेच. उत्तर युरोपात ते कधीच मावळत नाहीत, वर्षभर ध्रुवाभोवती फिरत दिसतात. आपल्याकडं ते उगवतात आणि मावळतात. पावसाळा संपता संपता संध्याकाळी त्यांना शोधत बसलं तर हाती काही लागत नाही. उलट अगस्त्य आपल्याला दिसतो आणि त्यांना दिसत नाही. व्याधानंतरचा आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा तो. फाल्गुनात दिवेलागणीनंतर आमच्या गच्चीवरून दक्षिणेला, सातारा डोंगराच्या बाजूला, दोन मुठींपेक्षा थोडा खालीच चमकत असतो. इंग्लंडच्या जमिनीवरून तो कधीही दिसत नाही, म्हणून तिथल्या बालपुस्तकांत त्याला जागा नाही. आणि म्हणून आमच्या मुलांनाही तो ठाऊक नाही! हे मला सहन होत नाही. डोळ्यांसमोरचा दुसऱ्या क्रमांकाचा तारा केवळ भाषांतरामुळे आमच्या मुलांच्या आकाशातून वगळला जावा?

मामा : मला अगस्त्य कुणी पुस्तकातून नाही दाखवला. आजीनं दाखवला. बाजही तिनंच दाखवली.

मी : सप्तर्षींची?

मामा : तुमचे सप्तर्षी. आम्ही बाज म्हणतो. म्हातारीची बाज, चार खुरांचे चार तारे, आणि मागं लागलेले तीन चोर. चोर रात्रभर चालतात, पण बाज काही हाती लागत नाही. एकदा ऐकलं की जन्मात विसरत नाही. मृगाच्या मधले तीन तारे म्हणजे तिफण. पेरणी करणाऱ्या घरातल्या पोराला आणखी काय सांगायला पाहिजे?

तेव्हा टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असलेले मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हळकरे यांनी विदर्भातल्या गोंड वस्त्यांमध्ये फिरून तिथल्या लोकांना ठाऊक असलेलं आकाश नोंदवलं आहे. त्यातही ही बाज आहे आणि तिच्यामागचे तीन चोर आहेत. मामांच्या आजीला अर्थातच त्या नोंदीची गरज नव्हती. मला मात्र आहे. कारण आजी गेली आणि मामांची नातवंडं मोबाईलवर आहेत. जे लिहून ठेवलं तेवढंच आता पुढे जाणार.

मी : पण मामा, सगळ्याच गोष्टी सारख्या नसतात. तुमच्या आजीनं पृथ्वी शेषाच्या डोक्यावर आहे, तो हलला की भूकंप होतो, हेही सांगितलं असेल.

मामा : सांगितलं. त्यानं काय बिघडलं?

मी : 1996 मध्ये हैदराबादच्या पहिली आणि तिसरीतल्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. समरपुंगवन, वोस्नियाडू आणि ब्रूअर या तिघांचा. मुलांना विचारलं, पृथ्वी कशी आहे? शाळेत ऐकलं होतं, म्हणून मुलं सांगत होती की गोल. मग विचारलं, ती कशावर आहे? तर कित्येक मुलांची पृथ्वी पाण्यावर टेकलेली होती. गोष्टीतलं आणि पुस्तकातलं मुलांनी एकत्र कालवलं होतं. शिकवणाऱ्याला वाटतं, समजलं. मुलाच्या डोक्यात मात्र तिसरंच काहीतरी उभं असतं.

मामा : मग गोष्टी बंद करायच्या?

मी : नाही. बाजेची गोष्ट कोणते तारे एकत्र शोधायचे ते सांगते. तारे कशाचे झालेत यावर ती काहीच म्हणत नाही. ती मुलाला खुशाल सांगावी, ती वाटाड्या आहे. शेषाची गोष्ट पृथ्वी म्हणजे काय याचं उत्तर देऊन बसते, आणि खऱ्या उत्तराची जागा अडवते. ती सांगायची तर जुनी कथा म्हणून सांगायची, आणि थोडं मोठं झाल्यावर.

मामा यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हे मला पटतंय, पण आजीसमोर नसतं बोललो.”

मुलांच्या डोक्यात काय उभं राहतं, हा प्रश्न शिक्षकांनी फार मनावर घ्यायला हवा. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात शमिन पडळकर आणि जयश्री रामदास यांनी महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांबरोबर यावर काम केलं. त्यांनी आकृत्यांच्या जोडीला हातवाऱ्यांचा आणि मुलांच्या स्वतःच्या फिरण्या-वळण्याचा उपयोग केला. चित्र कागदावर सपाट असतं, आकाश सपाट नसतं. मधली दरी मुलाला स्वतःच्या शरीरानं ओलांडावी लागते.

मी हे माझ्या परीनं रस्त्यावर करते. पुस्तकातल्या चित्रात चंद्र पृथ्वीला जवळजवळ चिकटलेला असतो, कारण पानाला रुंदी तेवढीच. चंद्र सरासरी 3,84,400 किलोमीटर दूर आहे, म्हणजे मध्ये तीस पृथ्व्या मावतील. आमच्यासमोरचा रस्ता तीस फुटी. एक फूट व्यासाचा चेंडू एका कडेला ठेवायचा, तो पृथ्वी. त्या मापानं चंद्र सव्वातीन इंचांचा होतो, म्हणजे एक बऱ्यापैकी जालन्याची मोसंबी. ती मुलाच्या हातात देऊन त्याला रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभं करायचं. मुलं आधी मोसंबी चेंडूपासून वीतभर अंतरावर धरतात, पुस्तकातल्यासारखी. मग मागं, आणखी मागं, असं करत पार समोरच्या घराच्या गेटपर्यंत जातात. सूर्य या मापानं 109 फुटांचा, दहा मजली इमारतीएवढा, आणि साडेतीन किलोमीटर दूर. एवढं झाल्यावर पुस्तकातलं तेच पान पुन्हा उघडायचं. आता मुलं चित्रकाराची चूक काढतात. वाचायला शिकणं याला मी म्हणते.

मामा : हे झकास आहे. पण यात पुस्तक कुठं आलं? चेंडू आला, मोसंबी आली, रस्ता आला.

मी : तीस हा आकडा कुठून आला, मामा? तो गच्चीवरून दिसत नाही. शेतातूनही दिसत नाही. बरं, तुम्हाला पाडव्याची ती रात्र आठवते? 2 एप्रिल 2022.

मामा : जळतं गेलं ती? विसरेन कसा? खळ्यात उभा होतो. लाल-पिवळे गोळे एकामागं एक, रांगेनं. सगळे म्हणाले, तारा तुटला. कुणी म्हणालं, विमान पेटलं. मला तेव्हाच वाटलं, हा तारा नाही. तुटता तारा डोळ्याचं पातं लवेपर्यंत जातो. हे सावकाश चाललं होतं.

मी : मग ते काय होतं, हे कधी कळलं?

मामा : पेपरात वाचलं तेव्हा.

त्या संध्याकाळी विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रात हजारो लोकांनी ते दृश्य पाहिलं. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं एक मोठं कडं पडलं, सुमारे तीन मीटर व्यासाचं. चिनी रॉकेटचा निकामी टप्पा वातावरणात शिरून जळाला, असं तज्ज्ञांनी सांगितलं. मामांच्या डोळ्यानं, निव्वळ सवयीनं, एक पक्की गोष्ट हेरली होती, की वेग चुकतोय. इतकं अचूक निरीक्षण शहरातल्या कुणाला जमलं असतं असं मला वाटत नाही. पण अवकाशात माणसानं सोडलेली यंत्रं फिरतात, ती कधीतरी खाली येतात, हे डोळा सांगू शकत नाही. त्यासाठी कुणीतरी लिहावं लागतं आणि कुणीतरी वाचावं लागतं. आणि त्याच रात्री मोबाईलवर परग्रहवासीयांपासून क्षेपणास्त्रापर्यंत काय काय फिरत होतं, हेही विसरू नये. न वाचणाऱ्याच्या प्रश्नाची जागा रिकामी राहत नाही, तिथं अफवा येऊन बसते.

मामा : म्हणजे बघणाऱ्याला प्रश्न पडतो, वाचणाऱ्याला उत्तर मिळतं. असंच ना?

मी : अर्धं. वाचूनही प्रश्न पडतात. जयंत नारळीकर माहीत आहेत ना? मुलं त्यांच्याकडं सही मागायला जायची, तर ते सही देत नसत. म्हणत, पोस्टकार्डावर मला एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही येईल.

नारळीकर 20 मे 2025 रोजी गेले. त्यांचं संशोधन समजणारे थोडे, पण ‘यक्षांची देणगी’ किंवा ‘आकाशाशी जडले नाते’ वाचून वर बघायला लागलेली माणसं महाराष्ट्रात गावोगाव सापडतील. पोस्टकार्डाची ती अट मला फार महत्त्वाची वाटते. प्रश्न लिहायचा तर आधी तो नीट आकारावा लागतो. “चंद्र असा का?” हे पोस्टकार्डावर चालत नाही. कधी, कुठून, कसा दिसला, हे लिहावं लागतं. म्हणजे लिहिण्यासाठी पुन्हा वर बघावं लागतं.

मराठीत ही परंपरा नवी नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे शाळामास्तर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी सामान्य वाचकांसाठी ‘ज्योतिर्विलास’ लिहिलं आणि त्याला जोडनाव दिलं ‘रात्रीची दोन घटका मौज’. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. मोहन आपटे यांनी आयुष्यभर मराठीत खगोलाची पुस्तकं लिहिली. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून हौशी लोकांना आकाश दाखवते आहे. ‘किशोर’ मासिक बालभारती 1971 पासून काढते. मोठ्यांसाठी आणि जाणत्या मुलांसाठी आपल्याकडं पुष्कळ आहे. उणीव आहे ती चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी, आणि तीही इथल्या आकाशाच्या पुस्तकांची.

मी : आणि मामा, आकाशाचा अभ्यास पोथीतून करण्याची जागा तर तुमच्या गावाच्या उशाला आहे. पाटणादेवीला तुम्ही कितीदा जाता.

मामा : देवीला जातो. तिथं आकाशाचं काय?

मी : भास्कराचार्य.

कन्नडचा घाट उतरलं की चाळीसगाव तालुका, आणि डोंगराच्या पायथ्याशी पाटण. तिथं एक शिलालेख सापडला. भाऊ दाजी लाड यांनी 1865 मध्ये तो विद्वानांसमोर आणला. 1114 साली जन्मलेल्या, ‘लीलावती’ आणि ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा दरबारी ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं पाटणला मठ काढला आणि शके 1128 मध्ये, म्हणजे इसवी सन 1207 मध्ये, त्या मठासाठी निकुंभ राजानं दान दिलं. लेखाचा बराच भाग संस्कृतात, पण दानाचा तपशील, म्हणजे बाजारातल्या मालावरचा मठाचा हिस्सा, त्या वेळच्या मराठीत आहे. देवगिरीचा किल्ला पुंडलिकनगरापासून अर्ध्या-पाऊण तासावर. आठशे वर्षांपूर्वी या मुलखातल्या कुणाला तरी वाटलं, की आकाश नुसतं बघून पुरत नाही, त्याबद्दल जे लिहिलं गेलं ते पिढ्यान् पिढ्या वाचलं जावं आणि त्याचा खर्च बाजारपेठेनं उचलावा.

मामा : एवढी वर्षं जातोय, कुणी सांगितलं नाही.

मी : लिहिलेलं आहे. वाचून दाखवणारं कुणी नव्हतं.

मामा : तरी माझं एक राहतंच. सात वर्षांपर्यंत पोराला पुस्तक नको. आधी अंधार दाखव, मग अक्षर. तुझ्या गल्लीतली पोरं उन्हाळ्यात माझ्या शेतात आण. बाजेवर झोपू दे दोन रात्री. त्यानंतर हवी तेवढी पुस्तकं वाच.

मी : आणीन. पण येण्याआधी वाचून आणीन.

मामा : ऐकायची नाहीस.

मी : नाही.

यावर आमचं एकमत झालेलं नाही आणि होईल असं वाटत नाही. माझं मत मी स्पष्ट सांगते. शहरातल्या मुलाच्या बाबतीत मामांचा क्रम चालणार नाही. ज्याला अंधारच मिळत नाही, त्यानं अंधाराची वाट बघत सात वर्षं काढायची, तर त्याचं कुतूहल मोबाईलच्या पडद्याकडं वळून जाईल. चौथ्या-पाचव्या वर्षापासून मांडीवर घेऊन वाचून दाखवावं, पण पुस्तक निवडताना मामांची कसोटी लावावी. या पानात लिहिलंय ते आज, उद्या किंवा या महिन्यात माझ्या गच्चीवरून दिसेल का? दिसणार असेल तर पान वाचून लगेच वर जावं. दिसणार नसेल, किंवा वेगळं दिसणार असेल, तर मुलाला तसं सांगावं. “हे चित्र लंडनचं आहे, आपल्याकडं चंद्र आडवा असतो” हे वाक्य सहा वर्षांच्या मुलाला नीट कळतं आणि त्याला फार आवडतं. शहरातल्या एमजीएम शिक्षण संकुलाच्या आवारात अब्दुल कलाम यांच्या नावाचं खगोल विज्ञान केंद्र आहे, तेही पुंडलिकनगरापासून जवळ. पण तिथं न्यायच्या आधी गच्ची.

मराठी प्रकाशकांना आणि चित्रकारांना माझी विनंती आहे की वीस अंशांवरच्या आकाशाचं एक पुस्तक काढा. त्यात आडवी चंद्रकोर असू द्या, दोन मुठींवरचा ध्रुव असू द्या, बाज आणि तीन चोर असू द्या, दक्षिणेचा अगस्त्य असू द्या, सकाळच्या शाळेच्या वेळचा अर्धा चंद्र असू द्या. कन्नडपासून कोल्हापूरपर्यंतच्या मुलांना ते थोड्याफार फरकानं चालेल.

आणि शिक्षकांना, पालकांना एक तारीख सांगून ठेवते. 2 ऑगस्ट 2027, सोमवार. त्या दिवशी आफ्रिका आणि अरबस्तानात खग्रास सूर्यग्रहण आहे आणि दुपारनंतर आपल्या भागातून ते खंडग्रास दिसेल, ढगांनी वाट दिली तर. ग्रहण म्हटलं की अजूनही कित्येक घरांत मुलांना आत बसवतात, खिडक्या लावतात. तेव्हा त्या आधीच्या आठवड्यात वर्गात ग्रहणाचं पुस्तक वाचा. सूर्याकडं उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही, हे शिकवा आणि ग्रहणचष्मे वेळेत मागवा. ऊन पडलं तर झाडाखालचे कवडसे दाखवा, ते त्या दिवशी कोरीच्या आकाराचे होतात. पण त्या दुपारी मुलांना वर्गात कोंडून ठेवू नका.